मुंबईत संकर, महाबळेश्वरात परीक्षा: गव्हात तांबेऱ्याचा प्रतिकार आणण्याची पद्धत

गिरणीवर दळण टाकताना मुंबईतला माणूस ‘लोकवन की सिहोर’ एवढेच बोलतो आणि त्यापलीकडे गव्हाच्या कुळाची चौकशी सहसा करत नाही. यातले लोकवन, म्हणजे मुळात लोक-१, हा सौराष्ट्रातील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत तयार झालेला वाण. दाणा टपोरा, पीक लवकर हाती येणारे आणि पोळी मऊ, त्यामुळे तो शेतकऱ्यालाही आवडला आणि शहरातल्या स्वयंपाकघरालाही. तांबेरा या बुरशीच्या रोगापुढे मात्र तो दुबळा ठरला. असा लोकप्रिय वाण घेऊन, त्याचा दाणा न बिघडवता, त्यात रोगाचा प्रतिकार कसा भरावा, हे काम टप्प्याटप्प्याने सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि एखाद्या महाविद्यालयाच्या साहाय्याने गच्चीवर गंभीरपणे प्रयोग करू इच्छिणारे लोक डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकावी. मुंबई हा गव्हाचा मुलूख नाही. जानेवारीतही येथे दुपारचे तापमान ३० अंशांच्या आसपास असते, रात्री ते फार तर १६-१७ पर्यंत उतरते. कुंडीतल्या गव्हाला फुटवे कमी येतात, तो घाईने ओंबीवर येतो आणि दाणा बारीक राहतो. शिवाय तांबेरा येथे दर वर्षी येईलच याचा भरवसा नाही, आणि रोग आलाच नाही म्हणून निरोगी राहिलेले झाड प्रतिकारक्षम नसते, ते केवळ सुटलेले असते. म्हणून कामाची वाटणी करावी. संकर करणे, पिढ्या पुढे नेणे आणि जनुकांच्या खुणा तपासणे ही कामे मुंबईत उत्तम होतात; रोगाची परीक्षा मात्र रोगाच्या घरी जाऊनच द्यावी लागते. ही वाटणी न केल्यामुळे बहुतेक हौशी प्रयोग फसतात, असे माझे मत आहे.

रोगाची ओळख

गव्हावर तीन तांबेरे येतात. कृषी खात्याच्या भाषेत त्यांना ‘गेरवा’ असेही म्हणतात. खोडावरचा काळा तांबेरा उबदार हवेत वाढतो, पानांवरचा नारिंगी-तपकिरी तांबेरा साधारण १५ ते २२ अंशांत खुशीत असतो, आणि पट्ट्यापट्ट्यांनी येणाऱ्या पिवळ्या तांबेऱ्याला त्याहून गार हवा लागते. म्हणून महाराष्ट्रातील पैदासकाराने पहिल्या दोहोंकडे लक्ष द्यावे. पिवळा हा मुख्यतः उत्तरेकडील मैदानांचा आणि डोंगरपायथ्याचा शत्रू आहे.

आग्र्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. सी. मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की, युरोप-अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याच्या जीवनचक्रात महत्त्वाचे ठरणारे बार्बेरीचे झुडूप भारतात जवळजवळ निरुपयोगी आहे. मैदानातला उन्हाळा या बुरशीला सोसत नाही. ती डोंगरांवर उन्हाळी पिकावर आणि आपोआप उगवलेल्या रोपांवर तग धरते आणि हिवाळ्यात वाऱ्यावर स्वार होऊन खाली येते. मध्य आणि दक्षिण भारताकडे येणारे बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण, प्रामुख्याने नीलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून येतात. आपल्या शेतातला तांबेरा अशा प्रकारे शेकडो किलोमीटरवरून येत असल्यामुळे, कोणत्या जनुकावर भरवसा ठेवावा हे गावात बसून ठरत नाही. बुरशीच्या जाती बदलत असतात आणि शिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात देशभरातल्या नमुन्यांवरून त्यांची ओळख पटवली जाते. दाता वाण, म्हणजे ज्याच्याकडून प्रतिकाराचे जनुक घ्यायचे तो वाण, निवडण्यापूर्वी त्या केंद्राच्या ताज्या नोंदी पाहाव्यात.

आई-बापांची निवड

प्रतिकार दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात एकच मोठे जनुक रोगाला दारातच अडवते, झाड स्वच्छ दिसते आणि पैदासकार खूश होतो. मग बुरशीत एक बदल होतो आणि सगळा बांध फुटतो. राय या तृणधान्याकडून गव्हात आलेले, काळ्या तांबेऱ्याला अडवणारे एसआर-३१ हे जनुक जगभरच्या वाणांत पसरले होते. १९९८ मध्ये युगांडात त्याला न जुमानणारा काळा तांबेरा सापडला, आणि तोच पुढे यूजी-९९ या नावाने ओळखला गेला. त्यावर उपाय म्हणून एसआर-२४ कडे पाहिले जात होते, तोच २००६ मध्ये केनियात त्याच्यावरही मात करणारा भाऊबंद आढळला.

दुसऱ्या प्रकारात रोग येतो, पण सावकाश वाढतो. फोड लहान, उशिरा आणि कमी. पानाच्या तांबेऱ्यासाठी एलआर-३४, एलआर-४६, एलआर-६७ आणि काळ्या तांबेऱ्यासाठी एसआर-२ ही या जातीची जनुके आहेत. एकेकटी ती अपुरी पडतात, दोन-तीन एकत्र आली की पीक तारून नेतात. एलआर-३४ तर पानाचा, पिवळा आणि काळा तांबेरा तसेच भुरी या सगळ्यांवर थोडाथोडा लगाम घालते आणि अनेक दशके वापरूनही कामी येत आहे. मुंबईतील प्रयोगासाठी एलआर-३४ आणि एसआर-२ ही जोडी घ्यावी, असे मी सुचवतो. त्याचे कारण पुढे खुणांच्या भागात येईल.

बी बाजारातून आणू नये. वाशीच्या दाणा बाजारात किंवा किराणा दुकानात ‘लोकवन’ या नावाने जे विकले जाते, ते शुद्ध लोक-१ असेलच असे नाही. वाणाचे बी कृषी विद्यापीठ किंवा बीज महामंडळाकडून घ्यावे. जनुक नोंदवलेला दाता वाण महाविद्यालयामार्फत रीतसर अर्ज आणि साहित्य-हस्तांतरणाचा करार करून राष्ट्रीय जनुकसंग्रहातून किंवा कर्नालच्या गहू संशोधन संस्थेकडून मागवावा. परदेशातून खिशात घालून बी आणणे हा गुन्हा तर आहेच, पण २०१६ मध्ये बांगलादेशात परदेशातून आलेला गव्हावरचा करपा रोग कसा अवतरला हे ठाऊक असणाऱ्याला ते भयंकरही वाटेल.

आणखी एक अडचण ध्यानात ठेवावी. काही जोड्यांचा संकर उगवतो, चार पाने काढतो आणि खालून वर वाळत जाऊन मरतो. याला संकर-मरण म्हणता येईल. एनई-१ आणि एनई-२ ही दोन जनुके एकत्र आली की हे घडते. जुन्या उंच भारतीय वाणांपैकी अनेकांत पहिले, तर मेक्सिकन वंशाच्या बुटक्या वाणांपैकी अनेकांत दुसरे असते. एकच दाता धरून न बसता दोन-तीन दाते ठेवावेत, म्हणजे एक जोडी फसली तरी हंगाम वाया जात नाही.

पेरणी आणि ओंबीवरचे काम

निफाडकडे बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरतात. मुंबईत तेव्हा हवा अजून तापलेली असते. येथे नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबरचा पहिला आठवडा बरा. बारा इंची कुंडीत लाल माती, पोयटा आणि कुजलेले शेणखत घालून पाच-सहा रोपे ठेवावीत. आई आणि बाप एकाच वेळी फुलावर यावेत म्हणून प्रत्येकाची पेरणी आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीनदा करावी. वर जाळी हवीच, कारण गच्चीवरच्या कबुतरांना पैदासशास्त्रात रस नसतो.

गव्हाचे फूल उमलण्यापूर्वीच स्वतःच्या परागाने फळते. त्यामुळे मादीच्या ओंबीतले परागकोश आधी काढून टाकावे लागतात. पोटरीतून ओंबी नुकती बाहेर येत असेल आणि एखादे फूल उघडून पाहिल्यावर परागकोश हिरवे दिसतील, तीच वेळ साधावी. पिवळट झाले असतील तर उशीर झाला, ती ओंबी सोडून द्यावी. ‘चालून जाईल’ म्हणून केलेल्या अशा ओंबीतून निघणारे दाणे संकराचे नसून स्वफलनाचे असतात, आणि ही फसवणूक पुढच्या वर्षी कळते.

ओंबीच्या टोकाकडच्या आणि बुडाकडच्या कणिशिका (फुलांचे छोटे झुपके) कात्रीने काढून मधल्या दहा-बारा ठेवाव्यात. प्रत्येक कणिशिकेतली मधली फुले चिमट्याने उपटून बाजूची दोनच मोठी फुले राखावीत. राहिलेल्या फुलांच्या तुसांचा वरचा तिसरा हिस्सा कुसळासह छाटावा, म्हणजे आत पाहता येते. मग बारीक टोकाच्या चिमट्याने प्रत्येक फुलातले तीनही परागकोश, एकही न फोडता, बाहेर काढावेत. खाली पिसासारखी दोन टोके असलेली कुक्षी दिसते; तिला चिमटा लागू देऊ नये. परागकोश फुटलाच तर ते फूल काढून टाकावे आणि चिमटा स्पिरिटमध्ये बुडवून पुसावा. बाजू चुकू नये म्हणून ओंबीच्या एका कडेने खालून वर जावे, मग दुसरी कड धरावी. काम झाले की बटरपेपरची पिशवी चढवून खाली पिन लावावी आणि चिठ्ठीवर आईचे नाव व तारीख पेन्सिलने लिहावी. पेनची शाई पाण्याने पुसली जाते. सुरुवातीला एका ओंबीला पाऊण तास लागतो, हात बसला की पंधरा मिनिटे पुरतात.

दोन-तीन दिवसांनी कुक्षी फुलून पिसारल्यासारखी दिसते. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान बापाच्या ओंबीत पिवळे, फुटण्याच्या बेतात आलेले परागकोश शोधावेत. त्या ओंबीची तुसे छाटून ती काही मिनिटे कोवळ्या उन्हात धरली की परागकोश वर येतात. मादीच्या पिशवीचे वरचे टोक कापून, बापाची ओंबी उलटी आत धरून बोटांत गरगर फिरवावी आणि पिशवी पुन्हा दुमडून बंद करावी. गव्हाचा पराग काही मिनिटेच जिवंत राहतो. म्हणून दाता ओंबी घेऊन गच्चीवर गप्पा मारत बसू नये. चिठ्ठीवर बापाचे नाव आणि ही दुसरी तारीख चढवावी. वीस-चोवीस फुलांतून बारा-पंधरा दाणे भरले तरी काम चांगले झाले असे समजावे. संकराचा दाणा बहुधा सुरकुतलेला निघतो. त्याला कचरा समजून टाकू नये.

हे बी पावसाळ्यातून जपणे मुंबईत ओंबीवरच्या कामाइतकेच अवघड आहे. दाणे नीट वाळवून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रीजमध्ये ठेवावेत. जून महिन्यात कपाटात राहिलेले बी ऑक्टोबरात सोंड्यांनी पोखरलेले मिळते, हे मी एकदा अनुभवले आहे आणि पुन्हा अनुभवण्याची इच्छा नाही.

मागे वळून संकर

पहिल्या पिढीचे झाड, म्हणजे एफ-१, खरोखर संकरित आहे का हे आधी पाहावे. बापाकडे एखादे ठळक प्रभावी लक्षण असेल, उदाहरणार्थ बिनकुसळी ओंबी, तर तपासणी सोपी होते. आता एफ-१ स्वतःवर फळू देऊन एफ-२ घ्यावी, की तिचा पुन्हा लोक-१ शी संकर करावा? गच्चीचे गणित दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे. एफ-२ मध्ये दोन्ही जनुके शुद्ध स्थितीत, म्हणजे प्रत्येकाच्या दोन्ही प्रतींसह, असलेले झाड सोळात एक असते आणि ते मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ४७ झाडे वाढवावी लागतात. चार जनुकांसाठी तोच आकडा ७६६ वर जातो. उलट लोक-१ शी मागे वळून केलेल्या संकरात, म्हणजे बॅकक्रॉसमध्ये, दोन्ही जनुकांची एकेक प्रत असलेले झाड चारात एक मिळते आणि तेवढ्याच खात्रीसाठी ११ झाडे पुरतात. शिवाय लोक-१ चा वाटा सरासरी ७५ टक्क्यांवर येतो, दुसऱ्या बॅकक्रॉसला ८७.५ वर आणि तिसऱ्याला ९३.७५ वर. रोगाला सावकाश करणाऱ्या प्रतिकारासाठी मी एकाच बॅकक्रॉसवर थांबतो; फार मागे वळत गेल्यास दात्याकडची लहानसहान उपकारक जनुकेही गळून जातात.

रोगाशिवाय दिसणाऱ्या खुणा

एलआर-३४ असलेल्या झाडात वरच्या ध्वजपानाचे टोक फुलोऱ्याच्या सुमारास वाळून पिवळट पडते. एसआर-२ असलेल्या झाडात तुसांवर आणि खोडाच्या पेऱ्यांखाली काळपट छटा उतरते. रोगाचा एकही बीजाणू नसताना ही चिन्हे दिसतात, म्हणून मुंबईसाठी ही जोडी सोयीची. पण या चिन्हांवर आंधळा विश्वास ठेवू नये. टँकरचे मचूळ पाणी, खताचा जादा डोस किंवा दुपारचे ऊन यांनीही पानाची टोके करपतात, आणि एसआर-२ ची काळी छटा हवामानाप्रमाणे कमी-जास्त होते. म्हणून रांगेत शुद्ध दाता आणि शुद्ध लोक-१ यांच्या कुंड्या तुलनेसाठी ठेवाव्यात. शक्य असेल तर पानाचा तुकडा घेऊन डीएनए चाचणी करावी. सीएसएलव्ही-३४ या खुणेच्या चाचणीत १५० बेसजोड्यांचा (बेसजोडी हे डीएनएच्या लांबीचे माप) पट्टा आला तर एलआर-३४ आहे, २२९ चा आला तर नाही आणि दोन्ही आले तर झाडात एकच प्रत आहे. डीएनएच्या प्रती वाढवणारे पीसीआर यंत्र असलेल्या महाविद्यालयात हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज जमते.

चहाच्या कपातल्या पिढ्या

निवडलेल्या बॅकक्रॉस झाडांचे बी आता शुद्ध होईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या पुढे न्यायचे असते. येथे एकदाणा पद्धत वापरावी: प्रत्येक झाडाचा एकच दाणा पुढच्या पिढीत पेरायचा. जागा इतकी कमी लागते की बुडाला भोक पाडलेले कागदी कप पुरतात. ६० कप एका टेबलावर मावतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जलद पैदास पद्धतीत दिवसाला २२ तास प्रकाश आणि २२ अंशांच्या आसपास तापमान ठेवून वसंती गव्हाच्या वर्षाला सहा पिढ्यांपर्यंत मजल गेली. एसी असलेल्या छोट्या खोलीत एलईडी दिव्यांखाली सहा जमल्या नाहीत तरी तीन-चार जमतात, आणि मुंबईचा उन्हाळा आडवा येत नाही. सोसायटीचे वीजबिल सामाईक असेल तर आधी परवानगी घ्यावी.

दोन्ही जनुकांची एकेक प्रत असलेल्या झाडापासून चार वेळा स्वफलन झाले की दोन्ही शुद्ध झालेल्या ओळी सुमारे २२ टक्के असतात. म्हणजे ६० कपांतून साधारण १३. एवढ्या ओळी परीक्षेला पाठवणे हे कोणत्याही सहकारी केंद्राला झेपणारे काम आहे.

परीक्षा

महाबळेश्वरला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. नीलगिरीतील वेलिंग्टन येथे भारतीय कृषी संशोधन संस्थेचे केंद्र आहे. महाविद्यालयामार्फत सहकार्य ठरवून ओळी अशा ठिकाणी लावाव्यात. बीजाणू मात्र मुंबईत आणू नयेत. फवारणीची हौस गच्चीवर भागवणे बेजबाबदारपणाचे आहे.

रोग-रोपवाटिकेत ठरावीक ओळींनंतर आणि सभोवती आग्रा लोकलसारखा हमखास बळी पडणारा वाण रोग पसरवण्यासाठी लावतात. पाण्यात कालवलेले बीजाणू संध्याकाळी त्याच्यावर फवारतात, कारण पान रात्रभर ओले राहिले तरच बीजाणू रुजतात. तेथून रोग आपल्या ओळींवर येतो. नोंद एकदाच न घेता दर आठ-दहा दिवसांनी तीन-चार वेळा घ्यावी: पानाचा किती टक्के भाग व्यापला आणि फोड कोणत्या प्रकारचे आहेत. प्रतिकारक्षम प्रतिसादाला ०.२, मध्यम प्रतिकारक्षमाला ०.४, मध्यम बळीला ०.८ आणि पूर्ण बळीला १ असा गुणक लावतात. म्हणजे ४० टक्के मध्यम बळी याचा गुणांक ३२, तर २० टक्के मध्यम प्रतिकारक्षम याचा ८.

येथे नवशिक्याचा हात नेमका चुकीच्या ओळीकडे जातो. शून्य रोगाची चकचकीत ओळ पाहून तो तीच उचलतो. पण आपण सावकाश रोगाची जनुके घातली असताना शून्य आले, तर दात्याकडून एखादे मोठे जनुक न कळत आलेले असण्याची शक्यता असते, आणि त्याच्या आड लहान जनुके आहेत की नाहीत हे दिसत नाही. ज्या ओळीवर रोग थोडा आला, फोड लहान राहिले आणि शेजारी लोक-१ पूर्ण तांबडा झालेला असतानाही ती २०-३० टक्क्यांवर थबकली, ती ओळ मला अधिक विश्वासार्ह वाटते. बाजरीत हा धडा फार महाग पडला होता: टिफ्ट-२३ए या एकाच मादीवर उभे असलेले संकरित वाण देशभर पसरले आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगाने ते आडवे झाले.

खपली आणि राय

ज्यांना अधिक लांबचा संकर करायचा आहे, त्यांच्यासाठी थोडेसे. दादरच्या दुकानांत आरोग्याच्या नावाखाली चढ्या भावाने मिळणारी खपली तांबेऱ्याच्या अभ्यासात जगभर ‘खपली’ याच नावाने ओळखली जाते. काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी अमेरिकी वनस्पतिरोगशास्त्रज्ञ स्टॅकमन यांनी वापरलेल्या मूळ बारा गव्हांत ती होती. एसआर-१३ आणि एसआर-१४ ही जनुके तिच्यात आहेत आणि यातले पहिले यूजी-९९ विरुद्धही उपयोगी पडते. खपलीत २८ गुणसूत्रे, पोळीच्या गव्हात ४२. संकरात ३५ येतात, आणि ते झाड अर्धवट वांझ असते. पोळीचा गहू आई म्हणून घ्यावा आणि एफ-१ चा लगेच त्याच्याशीच बॅकक्रॉस करावा.

राय त्याहून दूरची. गहू आणि रायच्या संकरात २८ गुणसूत्रे येतात, झाड वांझ असते आणि कोल्चिसिन या रसायनाने गुणसूत्रे दुप्पट केल्यावर ५६ गुणसूत्रांचे ट्रिटिकेल बनते. बन्सीसारख्या कठीण गव्हापासून केल्यास ४२ चे. भ्रूण अनेकदा दाण्यातच मरतो, म्हणून तो दोनएक आठवड्यांचा असताना काढून काचनळीत वाढवावा लागतो. हे काम ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेचे आहे, गच्चीचे नव्हे.

वाणाकडे जाताना

दोन हंगाम परीक्षेत टिकलेल्या ओळींचे उत्पादन, दाण्याचे वजन आणि पोळी तपासावी. दळून, मळून, लाटून पाहण्याला पर्याय नाही. नोंदणीकृत वाणाचा पैदाशीसाठी मूळ साहित्य म्हणून वापर करण्याची मुभा २००१ च्या वाण-संरक्षण कायद्यात संशोधकाला आहे, मात्र संरक्षित वाण पुन्हा पुन्हा वापरावा लागत असेल तर परवानगी लागते. पुढे अखिल भारतीय समन्वित चाचण्यांत जायचे असेल तर ते एखाद्या संस्थेच्या नावानेच जमते. परीक्षेला बी पाठवताना प्रत्येक ओळीचे निम्मे बी स्वतःजवळ फ्रीजमध्ये ठेवावे, पाकिटावर आई, बाप, पिढी आणि कपाचा क्रमांक लिहावा आणि तीच नोंद वहीत दुसऱ्यांदा करावी. दमट हवेत पाकिटावरची चिठ्ठी सुटून पडते आणि क्रमांक हरवलेली ओळ कितीही चांगली निघाली तरी तिची वंशावळ पुन्हा जुळवता येत नाही.